घरात राहून छप्पर बदलायचं : माळवद, खण आणि मातीचा हिशोब



रोहिणी लागायच्या आधीचे हे पंधरा-वीस दिवस म्हणजे आपल्याकडं छपराचे दिवस. रानात नांगरट झालेली, शेणखत पडलेलं, बियाण्याची जुळवाजुळव सुरू. आणि गावात चक्कर मारली की कुठं पत्रे उतरवलेले, कुठं स्लॅबचं सेंट्रिंग ठोकलेलं, कुठं अख्खं घर पाडून लोक शेतातल्या शेडमध्ये राहायला गेलेले दिसतात. जुनं माळवद आता गावात बोटावर मोजण्याइतकंच उरलंय. जे उरलंय ते उतरवण्याची घाई आहे, आणि त्या घाईत दरवर्षी कुठं ना कुठं भिंत खचते, माणूस जखमी होतो.

म्हणून आज पिकाऐवजी छपरावर लिहितोय. पण विषय शेवटी मातीचाच आहे. आपल्या मराठवाड्यात शेकडो वर्षं लोकांनी घर न सोडता छप्पर बदललं. ते कसं जमायचं, कधी बिघडलं आणि आता त्यातलं काय उपयोगी आहे, एवढंच सांगायचंय.

माळवद आपल्याकडंच का?

कोकणात उतरतं छप्पर, आपल्याकडं सपाट. कारण सरळ आहे, पाऊस. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्या संभाजीनगर भागात वर्षाला सरासरी सातशेच्या आसपास, तोही चार महिन्यांत तुटक तुटक. उलट ऊन आठ महिने. त्यामुळं पाणी झटकन खाली टाकणाऱ्या छपरापेक्षा ऊन अडवणारं जाड छप्पर आपल्या कामाचं. खानदेश, मराठवाडा, नगर-सोलापूरचा कोरडा पट्टा, पुढं बीदर-कलबुर्गी आणि तेलंगणापर्यंत हेच छप्पर दिसायचं. खानदेशात त्याला धाबं म्हणतात, मराठवाड्यात माळवद. आपल्या जिल्ह्यात दोन्ही शब्द चालतात.

रचना अशी. खाली दगडाचं उथळं, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या. कड्यांवर ऐपत असेल तर फळ्यांची तक्तपोशी, नसेल तर किलचा म्हणजे बारीक फाट्या. त्यावर पळसाची पानं नाहीतर कडुनिंबाचा पाला, काही ठिकाणी तुराट्या. त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा चोपून घट्ट केलेला थर. कडेला कठडा आणि उताराच्या बाजूला पन्हाळ.

हे छप्पर नुसतं डोक्यावरचं झाकण नव्हतं. तिथं ज्वारी वाळायची, कुरडया-सांडगे व्हायचे, उन्हाळ्यात सगळं घर वर झोपायचं. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना खाली माजघरात गार असायचं.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा नुसता बोलायचा प्रकार नाही, जमिनीचा रंगच तसा असतो. शेकडो वर्षं एकाच जागी राख, शेण, मुतारी, चुना, मातीच्या भिंती आणि छपरं पडत राहिली की ती माती फिकी, भुरी होते. जुनं घर पडलं की लोक तेच सपाट करून त्यावर नवं बांधायचे. असं करत करत वस्तीखालची जमीन वर येते आणि टेकाड होतं. आपल्या शेजारी प्रवरेकाठी नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ पासून जे उत्खनन केलं, ते अशाच जुन्या वस्तीच्या थरांचं. आपलं पैठण, धाराशिवकडचं तेर, ही गावंही अशाच थरांवर बसलेली आहेत. म्हणजे ज्याला आपण पांढर म्हणतो, त्यात आपल्या आधीच्या कित्येक पिढ्यांची छपरंच आहेत.

आता गंमत बघा. हीच माती पुन्हा छपरावर जायची. आणि छपरावरून उतरली की शेतात खत म्हणून जायची. काळीतून धान्य आणि कडबा पांढरीत, पांढरीतून राख, शेण आणि माती काळीत. छप्पर हा या फेऱ्यातला एक मुक्काम.

पण छपरावर काळी माती का नाही चालत? हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात आपल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच भेग छपरावर पडली तर मृगाचा पहिला पाऊस थेट चुलीत. पांढरी माती त्या मानानं कमी फुगते. तिच्यात राख, चुना आणि क्षार असल्यानं गवतही लवकर उगवत नाही. गवत नाही म्हणजे मुळं नाहीत आणि मुळांच्या वाटेनं मुरणारं पाणीही नाही.

काही गावांत पांढरी पुरेशी नसली की खारी माती वापरायचे. त्यामागचं शास्त्र आपल्या चोपण जमिनीचंच. चोपण जमिनीत सोडियम जास्त असतो. मातीच्या कणांना धरून बसलेल्या एकूण क्षारांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला आणि सामू साडेआठच्या पुढं गेला की आपण तिला चोपण म्हणतो. सोडियममुळं चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून सुटे होतात, बारीक छिद्रं बुजवतात आणि पाणी मुरणं बंद होतं. रानात हाच मोठा रोग. पिकाच्या मुळाला हवा नाही, पाणी वर साचतं, जिप्सम टाकून आणि चर काढून आपण थकतो. छपरावर मात्र हाच गुण. मुरत नाही म्हणून गळत नाही. जी जमीन बियाणं वाया घालवते तीच माती घर कोरडं ठेवते. आपल्या आज्या-पणज्यांनी सोडियम हा शब्द ऐकला नव्हता, पण कोणत्या पट्टीतली माती छपराला घ्यायची हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

खण : घरात राहण्याची सोय

आता मुख्य मुद्दा. जुनं घर आपण चौरस फुटात मोजत नव्हतो, खणात मोजायचो. चार खणांचं घर, आठ खणांचा वाडा. खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे एक खण. नीट बांधलेल्या घरात छपराचं ओझं खांबांवर असायचं, भिंती नुसत्या आडोशाला. प्रत्येक खणाच्या कड्या वेगळ्या, त्यामुळं एका खणाचं छप्पर उघडलं तरी शेजारच्या खणाला धक्का लागत नव्हता.

यातच घरात राहण्याची सोय होती. कडी कुजली, वाळवीनं खाल्ली की त्या खणाखालचं सामान हलवायचं, तुळईला खालून धिरे द्यायचे, वरची माती पाट्यांनी उतरवायची, कडी बदलायची, पुन्हा पाला-चिखल-माती. तोवर चूल दुसऱ्या खणात नाहीतर ओसरीवर. धान्याचं बळद शक्यतो शेवटी उघडायचं, कारण धान्य हलवणं हे सगळ्यात जिकिरीचं. देव्हाऱ्याचा खण उघडायचा असेल तर देव आधी कोनाड्यात हलवायचे. जनावरं ढाळजेतून बाहेर झाडाखाली. माणसं रात्री उरलेल्या माळवदावर. घर सोडून कुणी जात नव्हतं, कारण जायला दुसरी जागाच नव्हती. शेतकऱ्याला एकाच उन्हाळ्यात पूर्ण छप्पर बदलण्याएवढं लाकूडही मिळत नव्हतं आणि पैसाही नव्हता. यंदा दोन खण, पुढल्या साली दोन.

वरच्या मातीची डागडुजी मात्र दरसाल व्हायची. पाडव्यानंतर माती आणून चाळायची, भिजवायची, रोहिणी लागायच्या आत पसरून धुम्मसानं चोपायची. पहिला पाऊस पडला की घरातलं कुणीतरी वर जाऊन कुठं पाणी थांबतंय ते बघायचं आणि तिथं पायानंच माती दाबायची. हे काम बायकांनी फार केलंय. त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही.

ओझं कसं चढत गेलं

जुनी रीत अशी होती की नवी माती टाकण्याआधी वरचा झिजलेला, सैल झालेला थर खरवडून काढायचा आणि शेतात टाकायचा. नंतर हे सुटलं. मजूर महागले, माणसं शहराकडं गेली, मग लोक जुन्यावरच नवं टाकत गेले. गळतंय तिथं दोन पाट्या, पुढल्या साली अजून दोन.

हिशोब करून बघा. दहा बाय दहा म्हणजे १०० चौरस फूट छपरावर अर्धा इंच माती वाढली की साधारण चार घनफूट होते. एका घनफूट कोरड्या मातीचं वजन ४५ किलोच्या आसपास धरा. म्हणजे वर्षाला जवळपास दोन क्विंटल. चोवीस वर्षांत एक फूट जाडी वाढते. दीड फूट जाड माळवद झालं की तेवढ्याच जागेवर १५० घनफूट म्हणजे दीड ब्रास माती, वजन पावणेसात टन. भिजली की अजून जास्त. त्याच जागेवर साडेचार इंची स्लॅब टाकली तर वजन सव्वादोन ते पावणेतीन टन, आणि पत्रा पाइपांसकट दीड-दोन क्विंटल. म्हणजे जुनं चढलेलं माळवद स्लॅबच्या अडीच-तीन पट जड असतं. लोकांना हे उलटं वाटतं.

ओझं वाढत गेलं तसं खाली लाकूड कमकुवत होत गेलं. सागवान परवडेना म्हणून बाभूळ, कडुनिंब, मिळेल ते. पुढं पुढं तर काही घरांत खांबच गेले आणि कड्या सरळ भिंतीवर टेकल्या. भिंत कसली? बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, मध्ये बारीक दगड आणि चिखलाची भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार लांब दगड घालायची रीत जिथं सुटली, तिथं भिंत जाड दिसली तरी आतून पोकळच.

३० सप्टेंबर १९९३

याचा हिशोब लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला चुकवावा लागला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक थकून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान येतो. जगाच्या हिशोबात ६.२ हा फार मोठा भूकंप नव्हे. माणसं गेली ती घरांमुळं.

भूकंपाचा जोर वस्तूच्या वजनावर चालतो. जेवढं वजन जास्त, तेवढा हिसका जास्त. डोक्यावर सात-आठ टनांची माती आणि बाजूला दोन पदरांची सैल भिंत. पहिल्या हिसक्यात भिंतीचे पदर सुटले, आणि ज्या घरांत कड्या भिंतीवर टेकल्या होत्या तिथं माळवद सरळ खाली आलं. झोपेतली माणसं माती-दगडाखाली गेली. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट मात्र नोंदवली आहे : जिथं खांब-तुळईचा सांगाडा धड होता, अशा कित्येक घरांत दगड ढासळले तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे खणाची मूळ पद्धत चुकीची नव्हती. तिच्यावर चढवलेलं ओझं आणि तिच्यातून काढून घेतलेले खांब, हे घातक ठरलं.

आणखी एक. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. १९९२ साली तिथं बारीक धक्के बसून गेले होते, तरी एवढं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा पहिला झोन हा प्रकारच काढून टाकला. म्हणून 'आपल्याकडं भूकंप होत नाही' असं म्हणून जड माळवदाखाली निश्चिंत झोपू नये.

किल्लारीनंतरचे दोन रस्ते

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागेवर हलवली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण आकड्यानं त्याहून फार मोठं काम दुसरंच होतं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली लाखाच्या वर घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती. त्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण जागेवरच करायचं होतं, लोक तिथंच राहत असताना.

अभियंत्यांनी सांगितलेले उपाय बघितले तर ते आपल्या जुन्या गवंड्यालाही पटले असते. माळवदावरची जादा माती उतरवा, थर वीतभर ठेवा. खांब आणि तुळईच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी तिरपे आधार ठोका. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन पदर एकमेकांना बांधले जातील. भिंतीच्या वरच्या अंगाला चारही बाजूंनी पट्टा द्या. ही सगळी कामं खणाखणानं, भिंतीभिंतीनं होण्यासारखी. घर रिकामं करायची गरज नाही.

या कामात गावोगाव महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून जोडलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं ते उभं केलं. बायकांनी घरोघरी जाऊन अनुदान कसं मिळतं, सळई कुठं घालायची, सिमेंट किती लागतं हे समजावून सांगितलं. २००१ साली भुजचा भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-धाराशिवकडच्या या बाया कच्छमधल्या बायांना अनुभव सांगायला गेल्या. जिनं आयुष्यभर माळवद चोपलं, तिच्याकडं त्याची पारख असणारच.

तरी खरं सांगायचं तर लोकांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला होता. बऱ्याच जणांनी अनुदानातून जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्यानं शेजारचं कुटुंब ढिगाऱ्यातून काढलं, त्याला 'वीतभर माती चालते' हे सांगून पटत नाही. कित्येकजण पुढं कैक महिने अंगणातच झोपत राहिले. ते घरातच होते आणि घरात नव्हतेही.

पत्रा आला

पन्हाळीचा लोखंडी पत्रा ही इंग्लंडची वस्तू. लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामरनं १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला काढला. कौलं आपल्या कोरड्या मुलखात फार रुजली नाहीत, शाळा-स्टेशनांपुरती राहिली. पत्रा मात्र किल्लारीनंतर घराघरांत शिरला. हलका, दोन दिवसांत बसतो, पडला तरी माणूस वाचण्याची शक्यता जास्त. त्याचं हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण पत्र्याखाली मे महिना कसा जातो हे तुम्ही भोगलंय. दुपारी घरात बसवत नाही. गारपिटीत चाळण होते, वादळात उडतो. कांद्याची चाळ आणि बैलांचा गोठा यांना पत्रा ठीक. म्हातारं माणूस आणि लेकरू दुपारी तिथं झोपवणं अवघड.

आणि आता घरकुल. पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, २५ चौरस मीटरचं घर, हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणं. योजना चांगलीच आहे. पण जुनं घर पाडूनच त्या जागेवर बांधायचं म्हटलं की कुटुंबाला बाहेर पडावं लागतं. मे महिन्यात पाडलं आणि काम लांबलं तर पावसाळा शेतातल्या शेडमध्ये जातो. धान्य भिजतं, विंचू-साप असतात, पोरांची शाळा दूर पडते. जुन्या पद्धतीत जी एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे उघडलेलं सगळं पावसाआधी झाकायचं. नव्या पद्धतीत तीच सुटते.

यंदा आमच्या घरी

आमचं घर पैठण तालुक्यातलं, सहा खणांचं, एकूण तीनशे चौरस फुटांच्या आसपास. यंदा छपराला हात घातला आणि घरात राहूनच काम केलं. त्याची नोंद देतो.

थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांनी आधी गवंडी आणि सुतार दोघांना सोबत बोलावलं. "आधी खालून बघा, मग वर चढा," हे त्यांचं पहिलं वाक्य. प्रत्येक कडीला टोकाशी खिळा टोचून बघितला. सात कड्या आतून पोकळ निघाल्या. मग दर खणाला धिरे दिले आणि दोन दोन खणांचं काम घेतलं.

मधल्या खणात खोदलं तर जाडी २२ इंच. कापलेल्या कडेवर थर स्पष्ट दिसत होते, झाडाच्या वलयासारखे. खालचे पातळ आणि घट्ट, वरचे जाड आणि सैल. आईनं बघून सांगितलं की वरचा जाड थर वडील आजारी होते त्या सालांतला, तेव्हा खरवडायला कुणी नव्हतं.

माती उतरवताना पहिली चूक लोक करतात ती म्हणजे एका बाजूनं सगळी काढत जाणं. त्यानं तुळई एकीकडं झुकते. तात्यांनी दोन्ही बाजूंनी सारखी, वरून थराथरानं उतरवायला लावली. उतरवलेली माती कठड्याशी साठू दिली नाही, लगेच खाली ट्रॉलीत. पाच ट्रॉल्या निघाल्या. आता सहा इंच थर ठेवलाय, पन्हाळीकडं उतार दिलाय, कुजलेल्या कड्या बदलल्या, सगळ्या खांबांना तिरपे आधार ठोकले. चूल बारा दिवस ओसरीवर होती. धान्याचा खण शेवटी घेतला.

उतरलेली माती सरळ रानात टाकली नाही. नमुना तपासून घेतला. क्षार जास्त आले म्हणून काळ्या, निचरा नसलेल्या पट्टीत अजिबात टाकली नाही. वरच्या मुरमाड तुकड्यात, जिथं पाणी थांबत नाही, तिथं पातळ पसरली. तिथं ज्वारी घेणार आहे. उतारा कसा येतो ते सुगीला कळवेन.

ज्यांचं माळवद अजून आहे त्यांच्यासाठी

१. आधी ओझं कशावर आहे ते बघा. कड्या खांब-तुळईवर टेकल्या असतील तर दुरुस्तीचा विचार करता येतो. सरळ दगड-मातीच्या भिंतीवर असतील, भिंत बाहेरच्या बाजूला फुगलेली असेल, तर त्या छपराखाली राहून काम करू नका. माणसं आणि जनावरं बाहेर काढा, मगच हात लावा.

२. जाडी मोजा. वीतभराच्या वर जेवढी माती आहे ती नुसतं ओझं आहे. गळती जाडीनं थांबत नाही, उतारानं आणि घट्ट थरानं थांबते.

३. ज्या खणावर काम चालू आहे त्याच्या खाली आणि लगतच्या खणात दिवसा कुणी थांबायचं नाही. रात्री झोपायला काम चालू नसलेला लांबचा खण.

४. जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकू नका. स्लॅब माळवदापेक्षा हलकी असली तरी ती एकसंध असते, सैल भिंत तिला धरत नाही. स्लॅबच हवी असेल तर खाली कॉलम-बीम घ्या आणि जाणत्या अभियंत्याला दाखवा.

५. पत्रा टाकत असाल तरी लाकडी सांगाडा मोडून विकू नका. तोच सांगाडा पत्र्याला आधार होतो. पत्र्याखाली तुराट्यांचा किंवा बांबूचा आडोसा दिला तर दुपारची झळ कमी होते.

६. घरकुल मंजूर असेल आणि दुसरी जागा असेल तर जुनं घर उभं ठेवून शेजारी बांधा. जागा नसेल तर पाडण्याची तारीख दिवाळीनंतरची धरा, म्हणजे हातात सहा-सात कोरडे महिने राहतात.

७. छपराला माती हवी म्हणून गावाजवळचं जुनं पांढरीचं टेकाड उकरू नका. संरक्षित टेकाड असेल तर १९५८ च्या कायद्यानं ते गुन्हा आहे, आणि नसेल तरी तिथली खापरं-मणी हा आपल्याच गावाचा इतिहास आहे. स्वतःच्या उतरवलेल्या मातीतली चाळून घेतलेली चांगली माती पुन्हा वर पुरते, आम्हाला पुरली.

ज्या घरात खांब धड आहेत, तिथं अजूनही खणाखणानं काम होतं, खर्च दोन-तीन सालांत वाटून घेता येतो आणि चूल घरातच पेटती राहते. ज्या घरात खांब नाहीत, तिथं हट्ट करू नका. हा फरक ओळखणारे जुने गवंडी-सुतार आता सत्तरीच्या पुढं आहेत. तुमच्या गावात असा कुणी असेल तर यंदाच त्याला घरी बोलावून कड्या दाखवून घ्या, आणि तरण्या पोरांना सोबत उभं करा.

काम कितीही छोटं असो, मृगाआधी झाकून होईल एवढेच खण उघडा. रामराम.